पंधराशे मीटरची तयारी: जळगाव, मार्च ते जून २०२४ (प्रकल्प नोंदी)

१८ मार्च, सोमवार

ज्यांना पोहता येते, पण लांब पोहता येत नाही, अशा सहा जणांना ११ आठवड्यांत १५०० मीटर फ्रीस्टाइल एका दमात आणि एका गतीने पोहता यावे, एवढाच या प्रकल्पाचा उद्देश आहे. गटात बँकेतील रोखपाल (वय ५२), अकरावीतील एक विद्यार्थिनी, जिल्हा परिषद शाळेतील एक गुरुजी, औषध दुकानदार, शासकीय सेवेतील परिचारिका आणि चोपडा तालुक्यातील एक केळी बागायतदार आहेत. बागायतदारांना सगळे आप्पा म्हणतात. ते लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. विहिरीत पोहणारा कितीही वेळ तरंगू शकतो, परंतु त्याला सरळ रेषेत कुठे जायचेच नसते, त्यामुळे मान वर काढून पोहण्याची सवय त्याला कधी अडचणीची वाटत नाही.

आज सर्वांना आठ फेऱ्या पोहायला सांगितल्या. या नोंदीत फेरी म्हणजे एका काठापासून समोरच्या काठापर्यंतचे अंतर. विद्यार्थिनीची पहिली फेरी २६ सेकंदांची आणि सातवी ४१ सेकंदांची झाली. रोखपालांची पहिली ४० आणि सातवी ४३ सेकंदांची होती. आप्पांनी पहिल्या दोन फेऱ्या विद्यार्थिनीच्या बरोबरीने मारल्या आणि त्यानंतर प्रत्येक काठ धरून उभे राहिले. कोणालाही शक्ती कमी पडली नाही, आरंभच चुकला, असे माझे पहिले मत झाले आहे.

२० मार्च, बुधवार

आमचा तलाव २५ मीटरचा म्हणून सांगितला जातो. वेळा हिशेबाला बसेनात, म्हणून आज गवंड्याची फीत आणून मोजला, तेव्हा तो २४ मीटर ४० सेंटिमीटर भरला. पूर्वी कधीतरी एका बाजूच्या भिंतीवर नवी फरशी चढवल्याचे तिच्या जाडीवरून दिसते, परंतु त्याने एवढा फरक पडणार नाही. बांधतानाच तो आखूड राहिला असावा. चार फेऱ्यांना १०० मीटर न म्हणता ९७.६ मीटर म्हणावे लागेल, आणि ६० फेऱ्या पोहून १५०० मीटर झाले असे मानणारा प्रत्यक्षात १४६४ मीटरच पोहलेला असेल. अंतिम चाचणी ६२ फेऱ्यांची, म्हणजे १५१२.८ मीटरची घ्यायची असे ठरवले. रोजच्या सरावात मीटरचा उल्लेख न करता फेऱ्याच मोजायच्या, कारण काठ नवशिक्याला दिसतो, मीटर दिसत नाही.

२३ मार्च, शनिवार

चाचणी घेतली. जागतिक पातळीवर यासाठी ४०० आणि २०० मीटर पोहण्याची पद्धत रूढ आहे. दोन्ही वेळांमधील फरकाने २०० मीटरला भागले की जो वेग मिळतो, तो खूप वेळ टिकवता येण्याजोगा उंबरठ्याचा वेग मानतात. आम्ही १६ आणि ८ फेऱ्या घेतल्या. दोन्हींच्या वेळांतील फरक निम्मा केला की चार फेऱ्यांची वेळ हाती येते.

विद्यार्थिनीला ८ फेऱ्यांना ४ मिनिटे २० सेकंद आणि १६ फेऱ्यांना ९ मिनिटे ५६ सेकंद लागले. फरक ५ मिनिटे ३६ सेकंद, म्हणजे चार फेऱ्यांना २ मिनिटे ४८ सेकंद. रोखपालांच्या वेळा ५:३६ आणि ११:४०. त्यावरून चार फेऱ्यांना ३ मिनिटे २ सेकंद. आठ फेऱ्यांत जी मुलगी त्यांच्या ७६ सेकंद पुढे होती, तिचा टिकाऊ वेग चार फेऱ्यांमागे त्यांच्यापेक्षा अवघ्या १४ सेकंदांनी सरस निघाला. तिला हे आकडे दाखवले तेव्हा तिने वही उलटी करून पुन्हा बेरीज केली.

तथापि या पद्धतीतील एक खोट येथेच नोंदवून ठेवतो. लांबची चाचणी जर चुकीच्या गतीने सुरू केली, तर शेवटी माणूस कोसळतो आणि निघणारा आकडा त्याच्या खऱ्या कुवतीपेक्षा संथ येतो. गती मोजण्यासाठी घेतलेल्या चाचणीलाच गतीची समज लागते. विद्यार्थिनीचा आकडा म्हणूनच मी तात्पुरता समजतो, रोखपालांचा पक्का. आप्पांना १६ फेऱ्या झाल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी आकडाच नाही.

२७ मार्च, बुधवार

धुळवडीपासून दोन दिवस तलाव बंद होता. पहिल्या दिवशी पाण्याला गुलाबी छटा होती, म्हणून कोणी तक्रारही केली नाही.

आज पहिला इंटरव्हल सराव (अंतराचे तुकडे करून, मध्ये विश्रांती घेत पोहणे) झाला आणि तो मी बिघडवला. चार फेऱ्या आठ वेळा, आणि सर्वांनी दर साडेतीन मिनिटांनी सुटायचे, असे सांगितले. सोय माझी होती: एकच शिट्टी वाजवायची. विद्यार्थिनी पहिल्या वेळी २:१४ मध्ये आली आणि सव्वा मिनिट काठावर बसून राहिली. मग पुन्हा ताजीतवानी होऊन सुसाट सुटली. आठव्या वेळी तिला २:४९ लागले. आप्पांना दुसऱ्या वेळेपासून श्वास घ्यायलाही उसंत मिळाली नाही, कारण ते काठाला टेकेपर्यंत पुढची शिट्टी झालेली असे. फक्त रोखपालांना हा सराव योगायोगाने लागू पडला.

विश्रांती लांब असली की प्रत्येक तुकडा ही स्वतंत्र शर्यत होते. लांब पल्ल्याच्या सरावात विश्रांती १५ ते २० सेकंदांचीच हवी, म्हणजे दम पूर्ण भरून येत नाही आणि पहिल्या तुकड्यात केलेली उधळपट्टी तिसऱ्या-चौथ्या तुकड्यात वसूल होते. इंटरव्हलमधील खरा शिक्षक ती अपुरी विश्रांती असते, हे मला पुस्तकी माहीत होते, तरी सोयीपुढे विसरलो.

१ एप्रिल, सोमवार

प्रत्येकाची सुटण्याची वेळ वेगळी केली. विद्यार्थिनी ३:०५, गुरुजी आणि परिचारिका ३:१५, रोखपाल ३:२०. आप्पांसाठी चारऐवजी दोनच फेऱ्या आणि सुटण्याची वेळ २:१५. यात पोहण्याचा वेळ आणि विश्रांती दोन्ही आले. लवकर पोहोचला त्याला जास्त विसावा, उशीर झाला त्याला कमी.

शिट्टी बंद केली. बाजारातून लाल सेकंदकाट्याचे भिंतीवरचे मोठे घड्याळ आणले, पारदर्शक पिशवीत बांधून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवले आणि ज्याने त्याने आपली वेळ आपण पाहायची असा नियम केला. रोखपालांना हे हिशेब फार आवडले. ३:२० ला सुटायचे म्हणजे काटा बारावर असताना निघाले की पुढच्या वेळी चारवर, मग आठवर, मग पुन्हा बारावर; तीन वेळा पोहले की चक्र पूर्ण. विद्यार्थिनीचा काटा दर वेळी एकेक आकडा पुढे सरकतो: बारा, एक, दोन, तीन. कितव्या तुकड्यात आहोत हे घड्याळच सांगते, वेगळे मोजावे लागत नाही. गुरुजींचा काटा बारा, तीन, सहा, नऊवर येतो, आणि त्यांनी तो वर्गात भागाकार शिकवण्यासाठी वापरणार असल्याचे जाहीर केले.

तलावात लेनच्या दोऱ्या नाहीत. काथ्याची दोरी आणि रिकाम्या बाटल्या यांच्या आधारे तीन पट्टे केले. प्रत्येक पट्ट्यात डाव्या बाजूने जायचे, डाव्याच बाजूने परतायचे आणि पुढच्या माणसानंतर दहा सेकंदांनी सुटायचे. नाहीतर मागचा माणूस पुढच्याच्या पायांमागे विनासायास ओढला जातो आणि त्याची वेळ खोटी येते.

विद्यार्थिनीचे आठ तुकडे: २:२१, २:३१, २:३८, २:४४, २:४७, २:४५, २:४७, २:४२. वसुली चौथ्या तुकड्यात झाली.

५ एप्रिल, शुक्रवार

आज वेळेऐवजी हात मोजले. भिंतीला लाथ मारून निघाल्यापासून पलीकडे पोहोचेपर्यंत किती हात लागले, ते प्रत्येकाने स्वतः मोजायचे. विद्यार्थिनीला पहिल्या फेरीत १९ आणि दमल्यावर २५ लागले. वेग घटण्याच्या आधी हातांची संख्या वाढते, असे चार-पाच तुकड्यांत स्पष्ट दिसले. म्हणजे घड्याळाच्या एक पाऊल आधी ही खूण इशारा देते. हात पाण्यात घुसल्यावर कोपर वर ठेवून पाणी मागे रेटण्याऐवजी दमलेला हात पाणी नुसते कापत जातो, हे त्यामागचे कारण आहे.

आप्पांना ३४ हात लागतात. मान वर असल्याने त्यांची कंबर आणि पाय खाली बुडतात, आणि बुडालेले पाय वर आणण्यासाठी ते जोरात पाय मारतात. मांड्यांचे मोठे स्नायू प्राणवायू भराभर संपवतात आणि त्या मानाने पुढे ढकलतात फार थोडे. त्यांना तलावाच्या तळावरची काळी फरशी पाहत पोहायला सांगितले. दुसरे म्हणजे, ते तोंड पाण्यात असताना श्वास रोखून धरतात आणि मान वळवली की सोडणे व घेणे दोन्ही उरकू पाहतात. तोंड पाण्यात असतानाच सतत बुडबुडे सोडायचे, म्हणजे बाहेर आल्यावर फक्त घ्यायचे काम उरते. काठाला धरून त्यांनी हे पंधरा मिनिटे केले. दिवसाअखेर २९ हात. आजच्या दिवसात यापेक्षा मोलाचे काही झाले नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

रमजान संपून काल ईद झाली आणि औषध दुकानदार महिन्याभराने पाण्यात उतरले. इतरांच्या पंक्तीला लगेच बसवले नाही. चार फेऱ्या चार वेळा, विश्रांती मनसोक्त. येताना त्यांनी शीरखुर्म्याचा डबा आणला होता. तो सरावानंतर उघडायचा हा माझा नियम दोघांनी मोडला.

१६ एप्रिल, मंगळवार

अंदाजाचा खेळ सुरू केला. घड्याळ पाठमोरे करायचे, चार फेऱ्या ठरलेल्या वेळेत पोहायच्या आणि काठाला हात लावताच, मी वेळ सांगण्यापूर्वी, आपली वेळ आपण सांगायची. रोखपालांचा अंदाज तीन वेळा दोन सेकंदांच्या आत आला. विद्यार्थिनीने "२:४०" म्हटले तेव्हा २:२७ झाले होते.

ती खोटे बोलत नव्हती. तिला खरोखरच हळू वाटत होते. सुरुवातीची काही सेकंद स्नायूंमध्ये साठवलेली तयार ऊर्जा वापरली जाते, त्यानंतर प्राणवायूची उधारी चढत जाते, आणि श्वास, नाडी व जळजळ या खुणा उशिरा पोहोचतात. पहिल्या शंभर मीटरमध्ये शरीर जे सांगते ते जुने वर्तमान असते. त्यामुळे "स्वतःला झेपेल तसे पोहा" हा जो सल्ला नवशिक्यांना सर्रास दिला जातो, तो त्यांच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, असे माझे मत होत चालले आहे. झेपते आहे की नाही हे कळण्याचे इंद्रियच अजून तयार झालेले नसते. ते घड्याळासमोर शेकडो वेळा ताडून पाहिल्यानेच घडते. पहिले शंभर मीटर हळू पोहणे ही शिकवण्याची गोष्ट आहे.

विश्रांतीत तिने विचारले, "सर, मोठ्या शर्यतीत पण असंच हळू निघतात का?" तिला आकडे सांगितले. चीनच्या सुन यांगने २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकला १५०० मीटर १४ मिनिटे ३१.०२ सेकंदांत पूर्ण केले; सरासरी प्रत्येक १०० मीटरला सुमारे ५८ सेकंद. अमेरिकेच्या केटी लेडेकीचा २०१८ चा महिलांचा विक्रम १५ मिनिटे २०.४८ सेकंदांचा आहे, म्हणजे १०० मीटरला सुमारे ६१.४ सेकंद. १०० मीटरची शर्यत स्वतंत्रपणे पोहताना हीच माणसे कितीतरी जलद पोहतात. तेवढा वेग हातचा राखूनच ती १५०० मीटरला सुटतात. महिलांसाठी १५०० मीटरची शर्यत ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली झालेल्या टोकियोच्या स्पर्धेतच प्रथम आली, हे ऐकून मात्र ती गती वगैरे विसरली आणि "इतक्या उशिरा?" म्हणून माझ्याशीच भांडली.

२४ एप्रिल, बुधवार

आठ फेऱ्या पाच वेळा. प्रत्येक आठात शेवटच्या चार फेऱ्या पहिल्या चारांपेक्षा संथ होता कामा नयेत. परिचारिकेला हे पाचही वेळा जमले. रात्रपाळी करून थेट येत असल्याने सुरुवातीला अंगात जोरच नसतो, असे त्यांचे म्हणणे. आप्पांनी प्रथमच चार फेऱ्या न थांबता पूर्ण केल्या: ३:४१.

६ मे, सोमवार

पुन्हा चाचणी. विद्यार्थिनी ८ फेऱ्या ४:२२, १६ फेऱ्या ९:२४. आठ फेऱ्यांत दोन सेकंद मागे, सोळा फेऱ्यांत ३२ सेकंद पुढे. नव्या हिशेबाने चार फेऱ्यांना २:३१. सहा आठवड्यांत एवढी ताकद वाढलेली नाही. पहिल्या चाचणीतला आकडा संथ होता आणि यावेळी तिने १६ फेऱ्या नीट वाटून घेतल्या. रोखपाल ५:२६ आणि ११:१८, म्हणजे २:५६. त्यांची सहा सेकंदांची कमाई मात्र निव्वळ सरावाची आहे. सुटण्याच्या वेळा अनुक्रमे २:५० आणि ३:१५ केल्या. आप्पांनी १६ फेऱ्या दोन ठिकाणी थांबून पूर्ण केल्या.

११ मे, शनिवार

काल आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली. परिचारिका माहेरी पारोळ्याला गेल्या आहेत. आप्पांनी आमरसाबरोबर खापरावरचे मांडे किती खाल्ले ते सांगितले नाही, पण तिसऱ्या तुकड्यात ते काठावर बसले आणि म्हणाले, "सर, आज पानी भारी लागस." पाणी भारी नव्हते. गुरुजी सोमवारच्या मतदानाच्या कर्तव्यावर असल्याने बुधवारपर्यंत येणार नाहीत.

२० मे, सोमवार

उन्हाने सगळे गणित बदलले आहे. दुपारचा पारा ४४ अंशांच्या आसपास आहे. संध्याकाळी पाण्यात तापमापक सोडला तर ३४ अंश भरले. स्पर्धेच्या तलावात पाणी २५ ते २८ अंशांचे असावे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. गार पाणी शरीराची उष्णता ओढून घेते, ३४ अंशांचे पाणी ती फारशी घेत नाही, आणि त्वचेकडे रक्त वळवावे लागल्याने हृदयावर दुहेरी भार पडतो. गेल्या आठवड्यात त्याच गतीला रोखपालांची नाडी दहा सेकंदांत २३ ठोके भरत होती, संध्याकाळच्या सत्रात ती २६ भरली. पाण्यात घाम दिसत नाही, म्हणून तो येत नाही असा समज असतो, तसे नाही. सराव पहाटे पावणेसहाला नेला, त्या वेळी पाणी ३१ अंश असते. काठावर प्रत्येकाची लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली ठेवणे सक्तीचे केले. उन्हाळाभर चार फेऱ्यांमागे तीन-चार सेकंद जास्त लागले तरी त्याला पीछेहाट समजू नये, असे सर्वांना सांगितले; पटले फक्त गुरुजींना.

२६ मे, रविवार

वीस फेऱ्या तीन वेळा, मध्ये ३० सेकंद. यापुढे आठवडाभर अंतर निम्म्यावर आणायचे, पण गती तीच ठेवायची. हळूहळू पोहून विश्रांती घेतली तर नेमक्या शर्यतीच्या दिवशी हात आपली चाल विसरतो.

फेऱ्या मोजण्यासाठी ६२ चिंचोके आणले. प्रत्येक फेरीला एक चिंचोका एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचा. प्रत्येक पोहणाऱ्यामागे एक मोजणारा आणि एक वेळ लिहिणारा लागेल.

२ जून, रविवार

अंतिम चाचणी, पहाटे पावणेसहा. पाणी ३१ अंश, वारा नाही. दोन-दोनांच्या जोड्या करून सोडले.

रोखपाल ४६ मिनिटे ४५ सेकंद. त्यांच्या चार फेऱ्यांच्या सर्व वेळा २:५९ ते ३:०३ यांच्या दरम्यान आहेत. वेळ लिहिणाऱ्या त्यांच्या मुलाने मध्येच मला येऊन विचारले की घड्याळ बंद तर पडले नाही ना.

विद्यार्थिनी ४० मिनिटे २७ सेकंद. पहिल्या चार फेऱ्या २:१९. एवढे सगळे होऊनही २:१९! काठावरून मी ओरडलो नाही, कारण तसे न करण्याचे ठरले होते. दुसऱ्या चारांना तिने स्वतःच वेग उतरवला, आणि त्यापुढे तिची सरासरी २:३८ राहिली. ३२ ते ४४ या फेऱ्यांत हातांची मोजणी २४ वर गेली होती, ती ४८ व्या फेरीला पुन्हा २१ वर आली. पहिला हप्ता बारा-तेरा सेकंदांनी जड भरला नसता तर ४० मिनिटांच्या आत येणे शक्य होते, असे तिनेच बाहेर येऊन सांगितले. मार्चमध्ये तिने पाण्याला दोष दिला असता.

गुरुजी ४३:५०, परिचारिका ४४:३५. औषध दुकानदार ठरल्याप्रमाणे ४० फेऱ्यांवर थांबले.

आप्पा ४४ व्या फेरीला पोटरीत गोळा आल्याने थांबले. काठ धरून पाय ताणत त्यांनी विचारले, "कितलं राहिनं?" मोजणाऱ्याने वाटीत पाहून अठरा असे सांगितले. त्यांच्या वेळा पाहिल्या: पहिल्या चार फेऱ्या ३:२९, शेवटच्या चार ३:३१, मधल्या कोणत्याही चारांत ३:३४ च्या वर नाही. विहिरीतून आलेल्या माणसाची ही ११ आठवड्यांतील नोंद मला गटातील सर्वांत चोख वाटते. गोळा येण्याचे कारण बहुधा पायाचा पंजा ताठ धरणे हे असावे. त्यांचा घोटा सैल नाही, हे एप्रिलमध्येच पाहायला हवे होते आणि मी पाहिले नाही.

५ जून, बुधवार

आप्पांचा पुढचा क्रम: सरावापूर्वी टाचांवर बसून घोटे ताणणे पाच मिनिटे, त्यानंतर आठ फेऱ्या सहा वेळा, सुटण्याची वेळ ७:२०. काटा बारावरून चारवर, चारवरून आठवर. त्यांची चाचणी २३ जूनला, तलाव पावसाळ्यासाठी बंद होण्यापूर्वी. विद्यार्थिनीला त्या दिवशी पोहायचे नाही. तिने आप्पांच्या वेळा लिहायच्या आहेत.